मुलांना बाप्तिस्मा आणि देवाची प्रीती शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी, रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांनी आणि कितीतरी वेळा स्वतः मुलांनीच विचारलेले आहेत. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा पाण्याचा विधी; त्याविषयी सर्व मंडळ्यांची (चर्चची) शिकवण एकसारखी नाही, म्हणून जिथे मतभेद आहे तिथे तो लपवलेला नाही. आपल्या मंडळीची नेमकी भूमिका आपल्या पाळकांकडून किंवा धर्मगुरूंकडून समजून घ्यावी. एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. देवाची प्रीती आधी आणि बाप्तिस्मा नंतर, हा क्रम मुलाच्या मनात पक्का बसला पाहिजे. "माझा बाप्तिस्मा झाला म्हणून देव माझ्यावर प्रेम करतो" असे समजून मूल घरी गेले, तर आपण धडा उलटा शिकवला असे मानावे.

मुलांना बाप्तिस्मा शिकवायला सुरुवात कोठून करावी?

यार्देन नदीच्या काठापासून. अनेक शिक्षक आदाम आणि हव्वेपासून, म्हणजे पापापासून सुरुवात करतात आणि मग बाप्तिस्म्याकडे येतात. त्या क्रमात शास्त्रदृष्ट्या चूक नाही, पण सात वर्षांच्या मुलाच्या कानावर देवाविषयी पहिली गोष्ट पडते ती "तो रागावलेला आहे" ही. त्याऐवजी बायबलमधील, येशूचे जीवन सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडावा. येशू गालीलातील नासरेथहून येतो, यार्देनेवर लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतो, पाण्यातून वर येताच त्याला आकाश उघडलेले दिसते, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि स्वर्गातून वाणी होते की, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.

येथे वाचन थांबवून मुलांना एक काम द्यावे. मार्काने या प्रसंगापर्यंत येशूचे कोणकोणते चमत्कार सांगितले आहेत, ते त्यांनी शोधून काढावेत. मुले उत्साहाने पान मागे-पुढे चाळतात आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही. एकही आजारी माणूस बरा झालेला नाही, वादळ शमलेले नाही, भाकरी वाटलेल्या नाहीत, एक दाखलासुद्धा (बोधकथा) सांगून झालेला नाही. पित्याने आपला संतोष जाहीर केला तो सगळ्या कामांच्या आधी. शाळेत शाबासकी निकालानंतर मिळते हे मुलांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे येथे काहीतरी वेगळे घडले आहे हे त्यांना लगेच उमगते, आणि ते शब्दांत मांडायला आपण फार मदत करावी लागत नाही.

ही वाणी मत्तयात "हा माझा पुत्र" अशी येते, तर मार्क आणि लूक यांच्याकडे ती थेट येशूला उद्देशून, "तू" अशी येते. लहान मुलांसाठी मी नेहमी "तू" असलेला वृत्तांत निवडते, कारण प्रेम कोणाविषयी सांगितले जाते यापेक्षा कोणाला सांगितले जाते हे मुलाला आधी कळते. मात्र येशू हा अद्वितीय पुत्र आहे आणि आपण त्याच्यामुळे देवाची लेकरे म्हणून स्वीकारले गेलो आहोत, हा फरक मोठ्या मुलांना सांगायला विसरू नये. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपणाचा आत्मा असे म्हटले आहे ते याच अर्थाने.

येशूने पापच केले नव्हते, तर त्याने बाप्तिस्मा का घेतला?

हा प्रश्न साधारणपणे नऊ-दहा वर्षांची मुले विचारतात आणि तो उत्तम प्रश्न आहे. तो खुद्द योहानालाही पडला होता. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात तो येशूला अडवतो आणि म्हणतो की, खरे तर मीच तुझ्या हातून बाप्तिस्मा घ्यायला हवा. येशू त्याला समजावतो की सर्व धर्माचरण अशा रीतीने पूर्ण करणे योग्य आहे. मुलांना सांगताना मी असे म्हणते की, नदीवर आपल्या चुका कबूल करणाऱ्या माणसांची गर्दी होती आणि येशू काठावर उभा राहून पाहत बसला नाही. तो त्या माणसांमध्ये जाऊन उभा राहिला. याहून अधिक तपशील मुलाने मागितला तर द्यावा, न मागितल्यास येथेच थांबावे.

"बाप्तिस्मा" आणि "प्रीती" हे शब्द मुलांना सोपे करून कसे सांगावेत?

बाप्तिस्मा हा शब्द ग्रीकमधून आला आहे आणि त्याच्या मुळाशी पाण्यात बुडवणे, बुचकळणे हा अर्थ आहे. कॅथलिक कुटुंबांत स्नानसंस्कार हा शब्द रूढ आहे आणि मुलांच्या दृष्टीने तो अधिक पारदर्शक आहे, कारण त्यातले स्नान त्यांच्या रोजच्या ओळखीचे असते. दोन्ही शब्द मुलाच्या कानावर पडू द्यावेत, म्हणजे वेगळ्या मंडळीतील मित्राच्या घरी गेल्यावर ते गोंधळणार नाही.

प्रीती या शब्दाची अडचण वेगळी आहे. शास्त्रवाचनात आणि गीतांत तो सतत येतो, पण घरात कोणी कोणाला "माझी तुझ्यावर प्रीती आहे" असे म्हणत नाही, त्यामुळे मूल तो शब्द देवळातच ठेवून येते. घरात असते ती माया. आजी ताप आलेल्या नातवंडाच्या उशाशी रात्रभर बसते ती मायेने, आणि देवाच्या प्रीतीविषयी बोलताना हा शब्द वापरायला मुळीच संकोचू नये. लाड या शब्दाबाबत मात्र जपावे. लाड म्हणजे मागितले ते मिळणे असे मुलाच्या मनात असते, आणि मग प्रार्थनेत मागितलेली वस्तू मिळाली नाही की देवाचे प्रेम आटले असा हिशेब ते मांडते.

काही मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात आणि काही मोठेपणीच देतात. मुलांना हे कसे समजावावे?

सरळ सांगावे की, ख्रिस्ती लोक या बाबतीत शतकानुशतके प्रामाणिकपणे वेगवेगळा विचार करत आले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, मेनोनाइट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच देतात, आणि त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी बाळासाठी समर्पणाची प्रार्थना होते. साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर हे तर पाण्याचा विधीच करत नाहीत.

हा वाद जुना आहे. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे लिहिले, आणि त्यावरून मुलांना बाप्तिस्मा देण्याची रीत तेव्हा अस्तित्वात होती हेही समजते. पुढे २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये, बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या काही प्रौढांनी स्वतःच्या विश्वासाच्या आधारे पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांनी छळ सोसला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी यांच्या घराण्यांचा बाप्तिस्मा होतो. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती हे तेथे लिहिलेले नाही, आणि दोन्ही बाजू तोच उतारा आपापल्या परीने वाचतात.

मुलांना मी दोन्ही रीतींतील सुंदर गोष्ट दाखवते. बाळाच्या बाप्तिस्म्यात बाळ काहीच करत नाही. कधी रडते, कधी झोपलेले असते, आणि तरीही त्याला नावाने हाक मारून स्वीकारले जाते. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यात, आधीच मिळालेल्या प्रीतीला तो माणूस सर्वांसमक्ष "होय" म्हणतो. दोन्हीकडे पहिले पाऊल देवाचेच आहे. "त्यांचे चुकते आणि आपले बरोबर" या वाक्याने मुलाच्या मनात विश्वास वाढत नाही, फक्त मित्राविषयी शंका वाढते.

पाणी किती लागते? डोक्यावर थोडे ओतले तर चालते का?

मुलांना हा प्रश्न मनापासून पडतो आणि त्याचे एक फार जुने उत्तर उपलब्ध आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या, "दिदाखे" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे की, वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. वाहते नसल्यास दुसऱ्या पाण्यात. थंड पाण्यात जमत नसेल तर कोमट पाण्यात. आणि तेवढेही पाणी नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मस्तकावर तीनदा पाणी ओतावे. कोमट पाण्याची ती सूचना ऐकून मुलांचे चेहरे उजळतात. इतक्या जुन्या काळी कोणीतरी गारठणाऱ्या माणसाचा विचार करून ते लिहून ठेवले, हे त्यांना कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक लक्षात राहते.

आजही ऑर्थोडॉक्स मंडळीत बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात, कॅथलिक व अन्य अनेक मंडळ्यांत मस्तकावर पाणी ओतण्याची रीत सर्वत्र दिसते, आणि बॅप्टिस्ट मंडळीत पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा होतो. पूर्ण बुडवण्यात ख्रिस्तासह पुरले जाणे आणि त्याच्यासह उठणे हे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील चित्र डोळ्यांना दिसते, ही त्या रीतीची मोठी ताकद आहे. तर्तुल्यनाने ख्रिस्ती लोकांना पाण्यात जन्मलेले छोटे मासे म्हटले आहे. लहान वर्गात मासे काढायला लावण्यासाठी एवढे निमित्त पुरते.

वर्गात पाण्याविषयी बोलताना समोर पाणी असावे. मी काचेचा मोठा वाडगा मधोमध ठेवते आणि उंचावरून, सावकाश, काहीही न बोलता त्यात पाणी ओतते. पहिल्या काही क्षणांत कुजबुज असते. मग धारेचा आवाज बदलत जातो, वाडगा भरत आला की तो जाड होतो, आणि खोली शांत होते. त्यानंतर प्रत्येकाने एक बोट बुडवून आपल्या शेजाऱ्याच्या तळहातावर थेंब ठेवावा आणि त्याचे नाव घेऊन "देवाची तुझ्यावर माया आहे" असे म्हणावे. हा बाप्तिस्मा नव्हे, हे आधीच स्पष्ट करावे. एकदा एका मुलाने तो थेंब सांडू नये म्हणून प्रार्थना संपेपर्यंत हात सपाट धरून ठेवला होता.

बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते, हे लहान मुलांना कसे सांगावे?

या ठिकाणी माझ्या हातून चूक झालेली आहे, म्हणून ती सांगते. सुरुवातीच्या काळात मी वर्गात पांढरे फडके आणत असे, ते मातीने मळवत असे आणि मग धुऊन दाखवत असे. धडा चांगला जमतो असा माझा समज होता. एके दिवशी एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली आणि तिने विचारले की, मळलेले फडके देवाला आवडत नाही का. ती फडक्याविषयी विचारत नव्हती. घरी लहान भावाला मारल्यामुळे आपणच ते मळके फडके आहोत, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

तेव्हापासून मी फडके आणत नाही. मी बाहेर खेळून चिखलाने माखलेल्या लेकराची गोष्ट सांगते. आई त्याला उचलते, तिचे कपडे खराब होतात, ती त्याला न्हाऊ घालते. न्हाऊ घातल्यावर ते तिचे लेकरू होते का? मुले एका सुरात "नाही" म्हणतात. ते तिचे आहे म्हणूनच ती न्हाऊ घालते. पापाची क्षमा ही शिकवण यात सुटत नाही, चिखल खराच असतो आणि तो निघायला हवाच असतो. बदलते ते एवढेच की धुणाऱ्याचा हात परका राहत नाही.

मूळ पापाची, म्हणजे आदामापासून प्रत्येक माणसाकडे जन्मतःच येणाऱ्या पापाची, शिकवण ज्या मंडळ्यांत आहे, त्यांनी ती मोठ्या मुलांना अवश्य शिकवावी, पण तीही याच क्रमाने. पहिली ते चौथीपर्यंतच्या मुलांना "तू जन्मतःच पापी आहेस" हे वाक्य एकटे, आगापिछा नसलेले, कधीही ऐकवू नये.

बाप्तिस्म्याचे पाणी वाळले की काय होते? आणि नंतर चूक केली तर?

मुलांच्या मनात हे दोन प्रश्न बहुधा एकच असतात. पाणी वाळते, टॉवेलने पुसलेही जाते. दिलेले वचन वाळत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्याचा आत्म्यावर कायमचा ठसा उमटतो. अन्य मंडळ्या हेच देवाच्या कराराच्या किंवा विश्वासूपणाच्या भाषेत सांगतात. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो की, मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. कोरणे आणि लिहिणे यांतला फरक मुलांना खडूने पाटीवर लिहून सहज दाखवता येतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी लूक शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराचा दाखला घ्यावा आणि त्यात एका तपशिलावर बोट ठेवावे: ते मेंढरू आधीपासून शंभरांपैकी एक होते. ते कळपातले होते, तरी वाट चुकले, आणि वाट चुकल्यावरही मेंढपाळाचेच होते. सिरियात फरात नदीकाठी असलेल्या दुरा-युरोपस येथे उत्खननात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एक ख्रिस्ती उपासनागृह सापडले. ते मुळात एक साधे राहते घर होते. त्यातील बाप्तिस्म्याच्या खोलीत, नेमके कुंडाच्या वरच्या भिंतीवर, खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र रंगवलेले होते. पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर काय असावे, याचा त्या मंडळीने केलेला विचार मला आजच्या शिक्षकांसाठीही मोलाचा वाटतो.

याचा अर्थ चुकीला परिणाम नसतो असा नव्हे. भावाला मारले असेल तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी लागते. ती मागताना मुलाला देवाची भीती वाटू नये, त्याचा आधार वाटावा.

"माझा बाप्तिस्मा झालेला नाही, मग देव माझ्यावर प्रेम करत नाही का?" असे मुलाने विचारल्यास?

उत्तर ताबडतोब आणि एका शब्दात द्यावे: करतो. स्पष्टीकरण नंतर. मोठी माणसे येथे आधी सिद्धांत सांगू लागतात आणि त्या दोन मिनिटांत मुलाने मोठ्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचून घेतलेले असते.

नंतर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बालकांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशू शिष्यांवर रागावतो. मग तो बालकांना कवटाळतो आणि आशीर्वाद देतो. तुमचा कोणता विधी झाला आहे, असे तो एकाही बालकाला विचारत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे की, प्रथम त्याने आपल्यावर प्रीती केली. बाप्तिस्म्याला कमी लेखण्यासाठी हे सांगायचे नाही. ज्याला आपण किती प्रिय आहोत हे समजते, त्यालाच बाप्तिस्म्याचा अर्थ कळतो.

वर्गात बाप्तिस्मा झालेली आणि न झालेली मुले वेगवेगळी बसतील, वेगळी बक्षिसे मिळवतील किंवा वेगळ्या रंगाचे बिल्ले लावतील असे काहीही करू नये. अन्य धर्माच्या घरातील एखादे मूल मित्राबरोबर वर्गात येत असेल, तर त्याचे मनापासून स्वागत करावे, परंतु त्याच्या आई-वडिलांना अंधारात ठेवून त्याला बाप्तिस्म्याकडे वळवू नये. मुलाच्या विश्वासाचा आपण असा उपयोग करून घेणे मला अक्षम्य वाटते.

आमचे बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले. त्याच्या भावंडांना काय सांगावे?

ते देवाजवळ आहे असे सांगावे. हे सांगताना आपण मुलांची खोटी समजूत घालत आहोत असे वाटून घेऊ नये. बाळांना बाप्तिस्मा न देणाऱ्या मंडळ्या अशा बाळाला देवाच्या कृपेच्या बाहेर मानत नाहीत. कॅथलिक परंपरेत या विषयावर शतकानुशतके जड मनाने विचार झाला; तेथील आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत असे म्हटले आहे.

भावंडे कधीकधी स्वतःला दोष देतात. बाळ पोटात असताना आपण आईला त्रास दिला म्हणून असे झाले, असे त्यांना वाटते. न विचारताही त्यांना सांगावे की यात त्यांचा काहीही दोष नाही. बाळाला नाव दिले असेल तर घरात ते नाव घेत राहावे.

ज्या मुलाचे वडील मारहाण करतात, त्याला "देव पिता आहे" हे कसे सांगावे?

घाईने सांगू नये. अशा मुलाला पिता हा शब्द ऐकून ऊब वाटत नाही, अंग चोरून घ्यावेसे वाटते. शास्त्रात देवासाठी इतरही चित्रे आहेत आणि ती पर्याय म्हणून नंतर सुचलेली नाहीत. यशयात देव म्हणतो की, एखादी आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो आईसारखे सांत्वन करण्याचे वचन देतो. येशू स्वतःची तुलना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीशी करतो. हरवलेले नाणे दिवा लावून शोधणारी स्त्रीही आहेच. मूल ज्या चित्राकडे वळेल, ते चित्र त्याला घेऊ द्यावे.

आणि अशा मुलाने घरातील मारहाण किंवा नको असलेला स्पर्श आपल्याला सांगितला, तर तो प्रार्थनेचा विषय होण्याआधी सुरक्षिततेचा विषय आहे. शांतपणे ऐकावे, त्याने सांगितले याबद्दल त्याचे कौतुक करावे, "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीपर्यंत ती गोष्ट त्याच दिवशी पोहोचवावी. "वडिलांना क्षमा कर" हे त्या वेळी मुलाला सांगायचे वाक्य नव्हे.

मूल स्वतःहून बाप्तिस्मा मागत असेल तर?

आनंद मानावा आणि ऐकून घ्यावे. ते का मागते, हे त्याच्याच शब्दांत येऊ द्यावे. मैत्रिणीला पांढरा झगा मिळाला म्हणून, बाबांना बरे वाटावे म्हणून, नरकाची भीती वाटली म्हणून, किंवा येशू आवडतो म्हणून, अशी नाना उत्तरे येतात आणि त्यांतील एकही हसण्यावारी नेण्यासारखे नसते. भीती हे कारण असेल तर आधी भीती दूर करावी, बाप्तिस्मा नंतर. कॅथलिक नियमांत सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली असे धरले जाते, आणि त्यापुढील मुलाला बाप्तिस्म्यापूर्वी त्याच्या वयाला साजेशी तयारी करावी लागते. विश्वासी जनांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांत ठरावीक वय बहुधा नसते. पाळक मुलाशी बोलून ठरवतात.

टाळाटाळही करू नये. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत एक मुलगा पोटाच्या दुखण्याने इतका आजारी पडला की त्याने आईकडे बाप्तिस्मा मागितला. तयारी सुरू झाली, पण त्याला एकाएकी बरे वाटले आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. तो मुलगा म्हणजे पुढे थोर ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ झालेला ऑगस्टीन. त्याचा बाप्तिस्मा ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये तेथील बिशप अँब्रोजच्या हातून झाला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि लहानपणचा तो उशीर का झाला असावा, हा प्रश्न त्याने आपल्या आठवणी लिहिताना देवालाच विचारला आहे. मोठ्या मुलांना ही हकिकत सांगण्यासारखी आहे, कारण मुलाने मागितलेली गोष्ट मोठ्यांच्या किती काळ लक्षात राहत नाही आणि मुलाच्या किती काळ राहते, हे त्यात दिसते.

वर्गात बाहुलीला बाप्तिस्मा देऊन दाखवावा का?

विधीची ओळख करून द्यायला बाहुलीचा उपयोग चांगला होतो. पवित्र तेल कोठे लावतात, पांढरे वस्त्र केव्हा घालतात, पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती कशी पेटवतात, हे हाताळून पाहिले की मूल प्रत्यक्ष विधीत घाबरत नाही. मात्र विधीचे मूळ शब्द जसेच्या तसे उच्चारून खेळ करू नये आणि मुलांनी एकमेकांवर तो प्रयोग करू नये. अनेक मंडळ्यांत या शब्दांना आणि पाण्याला असलेले गांभीर्य मुलांनाही कळले पाहिजे.

माझ्या मुलाला पाण्याची भीती वाटते. पूर्ण बुडवण्याचा बाप्तिस्मा कसा होईल?

पाळकांना आधी सांगावे. रिकाम्या कुंडात उतरून पाहणे, नाक धरण्याचा सराव, पाण्यात आपल्याला कोण धरणार हे आधीच माहीत असणे, एवढ्याने बहुतेक मुलांची भीती कमी होते.

धर्ममाता आणि धर्मपिता यांचे नेमके काम काय?

बाप्तिस्म्याच्या दिवशी भेटवस्तू देणे एवढेच नक्कीच नाही. बाळाच्या विश्वासाच्या वाढीला हातभार लावण्याचे वचन त्यांनी मंडळीसमोर दिलेले असते, म्हणून दूरच्या पण प्रतिष्ठित नातेवाइकापेक्षा, मुलाला प्रत्यक्ष भेटणारी आणि त्याचे ऐकणारी व्यक्ती निवडावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांना विचारता न येणारे प्रश्न पडतात, तेव्हा ही निवड किती महत्त्वाची होती ते समजते.

मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेता येतो का?

बहुतेक मंडळ्या बाप्तिस्मा एकदाच होतो असे मानतात, आणि जागतिक चर्च परिषदेच्या श्रद्धा व व्यवस्था आयोगाने १९८२ मध्ये लीमा येथे स्वीकारलेल्या मसुद्यातही बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही असे म्हटले आहे. बाळाचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्यांच्या दृष्टीने मोठेपणीचा बाप्तिस्मा हाच पहिला असतो. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांसाठी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातील विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) वेळी बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची सोय अनेक मंडळ्यांत आहे.

आमच्या मुलाला त्याचा बाप्तिस्मा आठवत नाही. त्याची आठवण घरात कशी जपावी?

तारखेपासून सुरुवात करावी. ती ठाऊक नसेल तर जिथे विधी झाला त्या मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीत ती सापडते. शक्य असल्यास मुलाला सोबत न्यावे आणि आपल्या नावाची ओळ त्याला स्वतः शोधू द्यावी. मार्टिन लूथर जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो संत मार्टिनचा दिवस असल्यामुळे त्याला ते नाव मिळाले. आपल्या मुलाचे नाव कोणी सुचवले, का ठेवले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ते कोणी मोठ्याने उच्चारले, हे त्या दिवशी घरातील माणसांनी सांगावे.

बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपून ठेवली असेल तर दरवर्षी त्या तारखेला ती जेवणाच्या वेळी पेटवावी. ती हरवली असेल तर साधी पांढरी मेणबत्ती चालेल. त्या दिवसाचा फोटो असेल तर तो मुलाच्या हातात द्यावा, आणि त्यात त्याला कोणी उचलून घेतले आहे, मागे कोण उभे आहे, कोणाचे डोळे ओलावले आहेत, हे त्याला सावकाश विचारू द्यावे. फोटोत ते रडत असेल तर तेही सांगावे, आणि रडत असतानाच त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, हेही.